नखभर लाल

"बूच एवढं घट्ट कशाला करून ठेवतात मेले! आत काय अमृत भरलंय? आणि हा ब्रश म्हणे. मुंगीला शेपटी असती तर एवढीच असती."

कुरकुर स्वयंपाकघरातून येत होती. गॅरेजमधून हात धुवायला आलेली थोरली दारातच थांबली. आई खिडकीजवळच्या स्टुलावर बसली होती. डावा हात गुडघ्यावर पालथा पसरलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ दातांत आणि सगळा जीव अंगठ्याच्या नखात. नखावर लाल रंग चढत होता. साधा लाल नव्हे. तापलेल्या तांब्यासारखा, ऊबदार, आतून चमकणारा.

"आई?"

"अगं बाई!" साखर चोरताना पकडलेल्या पोरासारखा आईनं हात पाठीमागे नेला. "जरा पाय वाजवत येत जा की."

"बघू तरी."

"बघायचंय काय त्यात? धाकटीनं काल आणून दिलं. म्हणे, आई, जन्मात एकदा तरी लाव. म्हटलं, बाटली उगाच वाया जायची." मग तो हात हळूच पुढे आला. "दातवाल्या बाईंच्या गाडीसारखाच आहे ना गं रंग?"

होता खरा. म्हणजे सख्खा नव्हता, पण चुलत नक्कीच. बाईंच्या गाडीच्या रंगात सोनं आत मुरलेलं होतं, या बाटलीतलं वर तरंगत होतं. थोरलीनं नुसती मान डोलावली. हल्ली स्वतःच्या डोळ्यांवर तिचा फारसा भरवसा उरला नव्हता.

आईनं आजवर नेलपॉलिश लावलं नव्हतं, याचं कारण साधेपणा वगैरे काही नव्हतं. तिचं नख तिचं नव्हतं, ते गॅरेजचं होतं.

अप्पा गाड्या रंगवत. पुढच्या अंगाला गॅरेज, मागच्या अंगाला संसार, आणि मधे एक दार. ते दार कधी लागलंच नाही, त्यामुळे घरातल्या दुधालाही थिनरचा वास असे. नवा रंग कालवला की तो पत्र्याच्या तुकड्यावर मारून बघायचा ही जगाची रीत. अप्पा तो आईच्या डाव्या अंगठ्यावर लावून बघत. "पत्रा सपाट असतो. गाडी सपाट असते का? उजेड कसा वळतो ते नखावरच कळतं," हे त्यामागचं शास्त्र. स्वतःच्या नखांवर का नाही, तर ती थिनरनं खाऊन जुन्या शिंपल्यांसारखी झाली होती. लग्न नवीन असताना भर कामात बायकोचा हात धरायला दुसरं निमित्त नव्हतं, हे कारण मात्र अप्पांनी कोणाला सांगितलं नाही आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

आई मग उन्हात जाऊन गाडीशेजारी अंगठा धरायची आणि निकाल द्यायची. निकाल कडक असे. "थंड आहे." "रडका झालाय." एकदा तर, "हा रंग मी फुकट दिला तरी घेणार नाही." अप्पा चरफडत आत जात, आणि दुसरा डबा घेऊन बाहेर येत. गल्लीत कोणाची गाडी निळी होणार ते मालकाच्या आधी भाजीवालीला कळायचं, आईनं भाजी निवडायला हात पुढे केला की. अग्निशमनचा बंब, शाळेची बस, दवाखान्याची पांढरी गाडी, सगळ्या आधी त्या नखावर सुकल्या. धाकटीनं शाळेत 'माझी आई' हे चित्र काढलं तेव्हा एक अंगठा पोपटी रंगवला होता. वर्गशिक्षिकेनं विचारलं, "हे काय गं?" धाकटीनं उलट विचारलं, "तुमचा कुठे आहे?"

आता अप्पा थकले होते, आणि गॅरेज थोरली बघत होती. तिचा हात स्थिर, काम चोख. पण शेवटचा शब्द अप्पांचा. अप्पांनी "जमला" म्हटल्याशिवाय स्प्रेगन हातात घ्यायची नाही, असा नियमच होता.

आणि तिथंच घोडं अडलं होतं. वर्षभरात अप्पांच्या डोळ्यांवर साय धरायला लागली होती. मोतीबिंदू हा शब्द घरात शिवीसारखा टाळला जाई. शेजारच्या कुत्र्याचं नाव मोती होतं, त्यालासुद्धा आई अप्पांसमोर "ए कुत्र्या" म्हणून हाक मारायची. समोरच्या टायरवाल्या काकांनी हौसेनं दुकानाचा बोर्ड अप्पांकडून हिरवा करून घेतला, तो चिखलाच्या रंगाचा झाला. काका तेव्हापासून गिऱ्हाइकांना सांगत होते की हल्ली हिरवा असाच निघतो. अख्खी गल्ली या गुपितात सामील होती.

कारण थोरल्या मिस्त्रींची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. ते अप्पांचे गुरू. म्हातारपणी त्यांचा हात थरथरायला लागला, आणि एकदा एका गिऱ्हाइकानं चारचौघांत सांगितलं, "मिस्त्री, आता पुरे." दुसऱ्या दिवशी मिस्त्री कामावर आले नाहीत. त्यानंतर कधीच आले नाहीत. खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिले. अप्पा ही गोष्ट सांगताना "खिडकीत" या शब्दावर थांबत. म्हणून त्यांना कोणी काही बोलत नसे. अप्पा एकदा खिडकीत बसले की उठणार नाहीत, ही आईची धास्ती.

त्यातच दातवाल्या बाईंची गाडी आली. बाई दातांच्या डॉक्टर, आता निवृत्त. त्यांनी दवाखाना काढला त्या वर्षी अप्पांनी त्या गाडीसाठी हा लाल कालवला होता, कंपनीच्या कुठल्याच यादीत नसलेला. गेटचा खांब घासून तिचं एक दार सोललं होतं. थोरलीनं दार घासून प्रायमर मारला आणि रंग कालवायला बसली. तेव्हापासून ती गाडी एक करडं दार घेऊन गॅरेजमध्ये उभी होती, पुढचा दात पडलेल्या माणसासारखी. थोरलीचा एकेक डबा अप्पा परत पाठवत होते. "पिवळा जास्त झालाय." "काळवंडला." "यात जीव नाही." थोरलीला प्रत्येक डबा बरोबर वाटत होता, आणि अप्पांना एकही नाही. हळूहळू तिला वाटू लागलं होतं की दोष आपल्याच डोळ्यांत आहे. आता ती टोमॅटो पिकलेत का हेसुद्धा भाजीवालीलाच विचारायची.

तेवढ्यात अप्पा स्वयंपाकघराच्या दारात आले आणि क्षणभर तिथंच उभे राहिले.

आईनं उजव्या हातानं बाटली बरणीमागे सारली. डावा हात तेवढा उजेडात राहिला. त्या घरात डाव्या अंगठ्यावर रंग दिसला की त्याचा अर्थ एकच होता.

"आण इकडे," अप्पा म्हणाले. हात धरून आईला खिडकीपाशी नेलं. अंगठा इकडे वळवला, तिकडे वळवला, डोळ्यांजवळ आणला, लांब नेला. बराच वेळ.

"जमला," ते म्हणाले.

"काय?" मायलेकी एकदम म्हणाल्या.

"रंग जमला. कोणी कालवला हा?"

आईनं तोंड उघडलं. खरं सांगायचं तर, अहो, हे नेलपॉलिश आहे, एवढंच सांगायचं होतं. पण हा धागा ओढला की अख्खा स्वेटर उसवणार. तुम्हाला नेलपॉलिश आणि गाडीचा रंग यातला फरक कळला नाही? का नाही कळला? आणि मग खिडकी.

"थोरलीनं," आई म्हणाली.

"शाबास," अप्पा थोरलीकडे न बघता म्हणाले.

थोरली ज्या शब्दासाठी झुरत होती तो शब्द असा मिळाला, दुसऱ्याचा पेपर आपल्या नावावर लागून पहिला नंबर यावा तसा. तिला हसूही येईना आणि रडूही.

"बाईंना फोन कर. म्हणावं, संध्याकाळी गाडी घेऊन जा. दार आत्ताच मारून टाक. आणि तू," आईला, "अंगठा धुऊ नकोस. दार सुकलं की शेजारी धरून बघू."

ते पुढे गेले तशा दोघी कुजबुजायला लागल्या.

"आई, काय केलंस हे?"

"मी काय केलं? त्यांनी जमवला. आता तू तुझ्या डब्यातला रंग मार. तो बरोबर आहे ना?"

"मला वाटतो बरोबर. पण मला हल्ली काय काय वाटतं."

"गाडीशी जुळतो?"

"मला जुळतो."

"मग झालं तर! मार."

"आणि अंगठा? तो शेजारी धरला की आंधळ्यालाही कळेल." थोरलीनं जीभ चावली.

तेवढ्यात बाहेरून हाक आली, "अगं, चप्पल घाल. जरा टायरवाल्याकडे जाऊन येऊ."

पुढची वरात अख्ख्या गल्लीनं पाहिली. पुढे अप्पा, मागे आई, आणि मत देऊन आलेलं बोट दाखवावं तसा पुढे धरलेला तिचा अंगठा. अप्पांनी तिचं मनगट सोडलं नव्हतं.

"बघ," अप्पा टायरवाल्या काकांना म्हणाले. "काय दिसतंय?"

"अंगठा."

"अंगठ्यावर काय आहे?"

काकांच्या घरी सगळ्या मुलीच. त्यांनी नेलपॉलिश ओळखलं नसतं तर नवल. त्यांच्या तोंडून "वहिनी, नेल..." एवढं निसटलं, पण वहिनींचे डोळे बघून उरलेला शब्द त्यांनी गिळला.

"नेलं की हो मन हिरावून," ते म्हणाले. "एक नंबर रंग, अप्पा! बाईंची गाडीच उभी राहिली डोळ्यांपुढे."

"नीट बघ. काही वेगळं नाही वाटत?"

"छे! काहीच नाही."

अप्पांचा चेहरा किंचित उतरला. आईला वाटलं, ऊन लागत असेल.

तिथून शिवणवालीकडे. ती मशीनवर वाकून बसली होती, आणि नेमकी तसल्याच बाटलीतली लाली तिच्या दहाही बोटांवर होती. अप्पांनी आईचा अंगठा तिच्या नाकापुढे धरला. शिवणवालीनं अंगठा पाहिला, स्वतःची बोटं पाहिली आणि दोन्ही हात चटकन समोरच्या कापडाखाली सरकवले.

"कसा आहे गं?"

"सुंदर, अप्पा. अशा रंगाची गाडी मी जन्मात पाहिली नाही."

"तुझ्याकडे यातलं काही...?"

"माझ्याकडे? माझ्याकडे कुठली गाडी, अप्पा?"

अप्पांनी सुस्कारा सोडला आणि वरात परत फिरली.

तोवर थोरलीनं दार मारून घेतलं होतं. दिव्यांसमोर ते सुकत होतं आणि ती त्याच्याकडे बघायचं टाळत होती. आईला तिनं ओढतच मोरीपाशी नेलं. एका हातात थिनरचा बोळा, दुसऱ्यात डबा. योजना सरळ होती. अंगठ्यावरचं नेलपॉलिश काढायचं, त्या जागी डब्यातला रंग लावायचा, म्हणजे दार आणि अंगठा जुळायला मोकळे.

"थांब जरा," आई म्हणाली.

"आता काय?"

"सगळ्या गल्लीनं बघितलं. मी कुठे बघितलंय अजून?"

थोरली थांबली. आईनं हात उजेडात धरला, बोटं पसरली, मिटली, पुन्हा पसरली. या नखावर किती रंग आले आणि गेले. सगळे कोणाच्या ना कोणाच्या गाडीचे. हा पहिलाच, जो कुठेच जाणार नव्हता.

"पूस," ती शेवटी म्हणाली.

थिनरनं क्षणात काम केलं. डब्यातला रंग चढला. थोरली दाराला हात लावून बघायला गेली आणि परत आली तेव्हा आई पुन्हा स्टुलावर, पुन्हा जीभ दातांत. यावेळी उजवा हात. अंगठा झाला होता, मधली बोटं झाली होती, करंगळीवर काम चालू होतं. डाव्या हातात ब्रश असल्यामुळे निम्मा रंग कातडीवर होता.

"आई!"

"ओरडू नकोस, हात हलतो. हा मी खिशात ठेवणार आहे."

"आणि अप्पांनी तोच धरला तर?"

"ते डावाच धरतात," आई म्हणाली. "इतकी वर्षं डावाच धरलाय."

संध्याकाळी बाई आल्या. टायरवाले काकाही आले, टायर बघायला म्हणून. टायर बघण्यासारखे नव्हते. आई उजवा हात घरातल्या गाऊनच्या खिशात खुपसून उभी राहिली, आत नाणी मोजत असल्यासारखी.

कृत्रिम दात शेजारच्या दाताशी जुळवण्यात बाईंचा जन्म गेला होता. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मग उलटी दुसरी मारली.

"कुठलं दार रंगवलंत?" त्यांनी विचारलं. "मला ओळखू येईना."

थोरलीनं तेव्हा कुठे दाराकडे डोळे भरून पाहिलं.

बाई हातानं दार चाचपत म्हणाल्या, "नवी नवी होती तेव्हा आमचे हे मुद्दाम दवाखान्यासमोर लावायचे. पेशंट बघत उभे राहायचे, आणि आत आले की कुठला दात दुखतोय तेच विसरलेले असायचे. हे म्हणायचे, अर्धी फी पेंटरला द्यायला हवी." त्यांनी दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. "आता त्यांची आठवण काढायला ही गाडी तेवढी आहे."

"थांबा, बाई," अप्पा म्हणाले. "अजून अंगठा धरलेला नाही."

आई तयारच होती. तिनं डावा अंगठा पुढे केला. दाराशी तो इतका जुळत होता की नख संपलं कुठे आणि गाडी सुरू झाली कुठे ते कळू नये. अप्पांनी तो हातात घेतला, चेहऱ्याजवळ नेला आणि सोडून दिला.

"हा नाही. खिशातला."

"अहो, सकाळी हाच..."

"खिशातला काढ."

उजवा हात बाहेर आला. तिरप्या उन्हात पाचही नखं लखलखली. दार बिचारं शांत, मुरलेलं, आणि नखं नाटकातून तशीच मेकअपसकट उठून आलेली. अप्पांनी उजवा अंगठा दाराला टेकवला आणि वाकून पाहिलं.

"तंतोतंत," ते म्हणाले.

बाईंनी अंगठा पाहिला, दार पाहिलं आणि मग अप्पांचे डोळे पाहिले, जरा निरखून. त्यांचं तोंड उघडलं. पण आयुष्यभर त्यांनी माणसांना "अजिबात दुखणार नाही" असं सांगितलं होतं, आणि ती सवय कामी आली.

"तंतोतंत," बाई म्हणाल्या.

"एक नंबर," टायरवाले काका म्हणाले.

"हो, अप्पा," थोरली म्हणाली, जेमतेम ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

अप्पांनी हात सोडला नाही.

"हे नेलपॉलिश आहे," ते म्हणाले.

काकांना ठसका लागला.

"सकाळी दारात पाय ठेवला तेव्हाच वास आला. जन्मभर थिनर हुंगत आलोय. माझं नाक अजून शाबूत आहे."

"मग जमला का म्हणालात?" थोरलीचा आवाज चढला. "मी इथं स्वतःला आंधळी समजायला लागले होते, अप्पा!"

"म्हटलं, निदान आता तरी कोणी म्हणेल, अहो, हे नेलपॉलिश आहे, दिसत नाही का तुम्हाला? तुम्ही दोघी गप्प. म्हटलं, घरच्या आहेत, मायेनं बोलत नसतील. म्हणून बाहेर घेऊन गेलो. हा टायरवाला तर तोंडाळ माणूस, हा तरी बोलेल. याचा बोर्ड मी कसला रंगवून ठेवलाय कोण जाणे..."

"हिरवाच आहे हो, अप्पा," काका सवयीनं म्हणाले.

"गप रे. आणि ती शिवणवाली. पोरीच्या हातालाही तोच वास, आणि म्हणते माझ्याकडे कुठली गाडी!" अप्पा हसायला गेले, पण ते हसू काही पुरतं आलं नाही. "बाई, तुम्हीसुद्धा. अख्ख्या गल्लीत एक माणूस मिळेना. आपल्या तोंडानं म्हणायला मला कितीदा वाटलं, पण जीभ उचलत नाही." मग ते आईकडे वळले. "तू सांग. पूर्वी भर उन्हात उभी राहून माझी लाज काढायचीस. आता काय झालं?"

आईनं दाराकडे पाहिलं. आपल्या पाच नखांकडे पाहिलं. थोरली खाली मान घालून बोटावरचा वाळलेला रंग खरवडत होती, तिच्याकडे पाहिलं. हात अजून अप्पांच्या हातात होता. तो तिनं सोडवून घेतला नाही.

"दार बरोबर आहे," आई म्हणाली. "पोरीनं कालवलेला पहिला डबासुद्धा बरोबर होता. तुम्हाला दिसत नाही आता."